पुरवणी

आपल्या विषयाच्या पेपरला आपण केंद्रात जायचं नसतं.
म्हणून मी कोपरखैरण्यात, गेटसमोरच्या रसवंतीत,
एका ग्लासवर तीन तास काढले.
मार्चचं ऊन. चरकाला बांधलेलं घुंगरू.
शेजारी कुणाची तरी आई, मांडीवर दहीभाताचा डबा.
म्हणाली, "इतिहासात काय विचारतात हो?"
"झालेलं."
"झालेलं कशाला विचारतात?"
बीएडला हे कुणी शिकवलं नव्हतं.

दोनची घंटा.
आधी नुसता चपलांचा आवाज, मग मुलं.
लेबल सोललेल्या बाटल्या, आरपार दिसणारे पाऊच,
मधल्या बोटावर शाईचा घट्टा.

सुफियान नेहमीसारखा सगळ्यांच्या पुढे.
"बाई, शीतयुद्ध आलं. तुम्ही म्हणालात येणार नाही."
म्हटलं होतं मी. वर्गात, खडू हातात घेऊन, ज्योतिषासारखं.
"मग काय लिहिलंस?"
"फार थंडी होती, असं."
हसला.
खरंच लिहिलं असेल का, ते आता तपासणाऱ्यालाच ठाऊक.

"पेपर सोपा व्हता बाई," तन्मेश मढवी म्हणाला,
"मीच कठीन व्हतो."
अफशीन बोटांवर मोजत होती, जोड्या, कारणं, टिपा,
"बासष्ट. नको, साठच धरा."
ती स्वतःला नेहमी दोन कमीच धरते.
कुणीतरी प्रश्नपत्रिकेचं विमान करून सोडलं,
ते नाल्याच्या जाळीवर जाऊन पडलं,
आत दोन महायुद्धं, एक प्रबोधन,
आणि नकाशा, ज्यात गोवा कुणालाच सापडला नव्हता.

विदिशा भोईर मागे राहिली.
पाऊचची चेन उघडत, लावत, उघडत.
"बाई, मत नोंदवा आलं होतं. वसाहतवादावर.
चार मुद्दे पाठ होते.
कच्चा माल लिहिला, बाजारपेठ लिहिली,
मग वसाहत या शब्दावर पेन थांबलं.
आमच्या पत्त्यातपण तोच शब्द आहे."

मी ग्लास खाली ठेवला.

"मग आज्याचं लिहिलं.
खाडीकडचं शेत, खारबांध, बांधाची उघाडी,
ओहोटीला निवट्या धरायचा ते.
आता तिथे गाड्यांचं शोरूम आहे.
रोज संध्याकाळी जाऊन काचेसमोर उभा राहतो.
वॉचमनला वाटतं, गाडी आवडली असेल.
आजा म्हणतो, 'जमीन जेली, नंबर आला.'
तेपण लिहिलं. आमच्या बोलीत. अवतरण चिन्हात.
मार्क कापतील का, बाई?"

उत्तरसूची मला पाठ आहे.
चार मुद्दे, मुद्द्याला एक गुण.
आजा पाचवा.
कुठल्या तरी गावात, घरघरणाऱ्या पंख्याखाली,
गठ्ठ्यातली चाळिसावी उत्तरपत्रिका उघडेल कुणीतरी,
निवटी म्हणजे काय हे माहीत नसलेलं,
किंवा माहीत असलेलं आणि घाईत असलेलं.
मीही तपासते.
मागच्या वर्षी एका उत्तरावर 'विषयांतर' लिहून
अर्धा गुण दिला आणि पान उलटलं.
रात्री भांडी विसळताना ते आठवलं.
उत्तरात काय होतं, ते मात्र आठवेना,
अजूनही आठवत नाही.
फक्त अक्षर आठवतं. उजवीकडे झुकलेलं,
वाऱ्यात चालल्यासारखं.

विदिशा उत्तराची वाट पाहत होती.
शाबास म्हणता आलं असतं.
असं लिहायचं नसतं, हेही म्हणता आलं असतं,
वर्षभर तेच तर म्हणत होते.

"पुरवणी घेतलीस?"
"एक. आजा सगळा तिच्यातच आहे."
"धागा नीट बांधलास ना?"
"दोन गाठी मारल्यात."
मग माझ्या ग्लासाकडे बघून म्हणाली,
"मला पण एक सांगा.
बर्फ कमी."