अखर्चित

एकेचाळीस अर्ज आलेत यंदा.
निधी नऊ जणांना पुरेल, दहाव्याला ओढूनताणून.
मी गठ्ठे लावतो: आरोग्य, पोषण, व्यसनमुक्ती, इतर.
इतरचा गठ्ठा नेहमीच कलतो.

गंगापूर रोडवरच्या आमच्या हॉस्पिटलात
एकोणीस वर्षं मी बिलाच्या खिडकीत बसलो.
काचेला खाली अर्धगोल भोक,
त्यातून नोटा आत यायच्या, घामेजलेल्या,
एकदा द्राक्षाच्या पेटीतल्या कागदात गुंडाळून आलेल्या.
वरचे पैसे मी पुढच्या रुपयाला गोल करायचो.
मग गुडघे गेले, आणि मला तिसऱ्या मजल्यावर बसवलं,
नफ्यातला ठरलेला हिस्सा गावात परत सोडायला.
साहेब त्याला बांधिलकी म्हणतात.
मी जावक म्हणतो.

गेल्या वर्षी चौदा नंबरचा अर्ज
निळ्या शाईत, हातानं लिहिलेला.
सोबती महिला मंडळ, कामगारनगर, सातपूर.
मागणी चौऱ्याऐंशी हजार तीनशे:
रिक्षाचा गॅस, दोन टायर,
आणि घडीची एक खुर्ची,
'कारण डायलिसिस चार तास चालतं
आणि सोबत आलेल्या बाईनं उभं किती राहायचं.'
'अपेक्षित परिणाम, मोजता येतील असे'
या रकान्यात एकच ओळ:
माणूस घरी येतो आणि जेवतो.

समितीत पाच जण. चहा, खारे काजू.
एकानं विचारलं, आलेख कुठाय?
दुसरा म्हणाला, टायर म्हणजे भांडवली खर्च, बसत नाही.
खुर्च्या तर आपल्याकडे आहेतच की, असं तिसरा.
त्या खुर्च्यांवरून वॉचमन उठवतो
हे मला माहीत होतं.
मी इतिवृत्त लिहीत होतो.
साठ हजार. एकमताने.

पावसाळा सरल्यावर एकदा दिसले ते मला
पपया नर्सरीच्या सिग्नलला.
रिक्षा नजमा पिंजारी चालवत होती,
मागे शालीतले बेंडकुळे, कंपनीतून कधीच निवृत्त,
शेजारी चांगुणाबाई गांगुर्डे, त्यांचा सुई टोचलेला हात
स्वतःच्या मांडीवर घेऊन.
टायर गुळगुळीत. मी खाली वाकून पाहिले.
सिग्नल सुटला तशी रिक्षा खड्ड्याला वळसा घालून गेली,
झोपलेलं मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावं तशी.
माझ्या मागचे हॉर्न वाजवत राहिले.

एप्रिलमध्ये हिशोब आला.
पंपाच्या पावत्या तारीखवार,
भाताच्या शितानं वहीच्या पानांवर चिकटवलेल्या,
एका पावतीवर मुंगी वाळून गेलेली.
सोबत पाकीट: शंभराच्या तीन, विसाच्या दोन,
आणि चिठ्ठी.

'बेंडकुळे चोवीस मार्चला गेले.
महिनाअखेरपर्यंत त्यांच्या दोन वेळा राहिल्या होत्या.
जाणं-येणं मिळून चार फेऱ्या, पंच्याऐंशीप्रमाणे.
अखर्चित रक्कम तीनशे चाळीस परत करत आहोत.
पोच द्यावी.'

पोच द्यायला संगणकात रकानाच नव्हता.
देणगीचा होता, दंडाचा होता,
भंगार विक्रीचासुद्धा.
साहेब म्हणाले, टाका चहापाण्यात.
मी पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं, पंचिंग मशीनखाली.
पोच साध्या कागदावर लिहून दिली,
शिक्का मारला, तारीख घातली.
रक्कम गोल केली नाही.
करायला काही नव्हतंच म्हणा.

यंदाच्या एकेचाळिसांत त्यांचा अर्ज आहे, सव्वीस नंबर.
गॅस महागला, आकडा वाढलाय.
टायर पुन्हा मागितलेत.
खुर्ची या वेळी नाही.
परिणामाच्या रकान्यात तीच ओळ, तीच निळी शाई.

बैठक गुरुवारी आहे.
टायर या शब्दाखाली मी पेन्सिलीनं रेघ मारलीय,
खोडता येईल अशी.
बोलायला सुरुवात कुठून करायची ते जमत नाही.
खिडकीत तशी कधी वेळ आली नाही.
तिथं मी फक्त म्हणायचो:
पुढचे.