औषधालाही नाही

‘चोपन्न वर्षांचा पुरुष’ —
इथून सुरुवात करायची असते. नाव नाही, गाव नाही.
बाहेर नॉर्थ डकोटात उणे सव्वीस,
काचेला आतूनच बर्फ धरलेला,
आणि मी अर्व्हिड क्वामेला
पंधराशे शब्दांत बसवते आहे.

क्लोझापीन, रोज चारशे पन्नास मिलिग्रॅम.
अकरा वर्षं हीच मात्रा लागू पडत होती.
मग ऑक्टोबरात रक्तातली पातळी दुप्पट,
सकाळी लाळेनं भिजलेली उशी,
जेवताना आलेला झटका, सांडलेलं बीटचं सूप.
(सूप खोडते. आकडा ठेवते.)

कारण पाठ्यपुस्तकातलं:
सिगारेटच्या धुरानं यकृत घाईत असतं,
औषध भराभर उरकून टाकतं.
धूर थांबला की ते निवांत होतं
आणि तीच गोळी जड होते.
आलेख काढला. सुबक आला.
संदर्भ एकोणीस.

परीक्षक क्रमांक दोन यांचा एकच प्रश्न:
‘रुग्णाने धूम्रपान अचानक का थांबवले? स्पष्ट करावे.’

मी कधी विचारलंच नव्हतं.

संमतीपत्रावर सही घ्यायला गेले तेव्हा विचारलं.
अर्व्हिड बराच वेळ पेनाचं टोपण
लावत राहिला, काढत राहिला.
म्हणाला, लायटर डेल्बर्टकडे असायचा.
मागच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं.
वारा असला की तो दोन्ही हातांचा आडोसा करायचा,
आधी माझी पेटवायचा.
सप्टेंबरात गेला.
लायटर बहिणीनं नेला त्याच्या, बाकीच्या सामानात.
तिला काय माहीत.

‘लायटर तर पेट्रोल पंपावरही मिळतो,’
मी म्हणाले.
मी, औषधशास्त्राची डॉक्टर.
त्यानं मान हलवली, सही केली.

रात्री एक वाक्य लिहिलं, सत्तावीस शब्दांचं.
संपादक मर्ना लिंडग्रेन यांचं उत्तर सभ्य होतं:
शब्दमर्यादा पाहता सुचवते,
‘सामाजिक कारणांमुळे’.
मी ‘मान्य’वर बोट दाबलं.

मार्चमध्ये अंक आला. पान एकशे बारा.
डेल्बर्ट त्यात औषधालाही नाही.

एक प्रत अर्व्हिडला दिली.
मजकूर त्यानं वाचला नाही,
बोटानं नुसता चाचपत गेला आलेखापर्यंत —
अकरा वर्षं सपाट चाललेली रेघ,
मग एकदम चढ.
त्या वळणावर बोट टेकलं त्यानं.

‘हा काय,’ म्हणाला. ‘इथे आहे.’