आखूड ‘ए’

वहीवर माझं नाव आहे. सहावी ब, गणित.
आत अकरा पानं लसावि-मसावि,
पुढे आईची गाणी.
तेलुगू गाणी, देवनागरीत,
कारण तोंडात तेलुगू होती
आणि पाटीवर मराठी चौथीपर्यंत,
मग मांडीवर विड्यांचं सूप.

बतुकम्माच्या नवव्या दिवशी पहाटे
ही वही पिठाच्या डब्यावर उघडी असते.
तिळाची पूड, मक्याचा सत्तू
शिवणीत जाऊन बसलेत.
झटकली तर मागच्या तीन सणांचा वास पडतो.

बापू होटगी रोडच्या माळावरून
तरवड आणतो, लुनाला दोन्हीकडे दोन पोती.
पोत्यात असेपर्यंत तरवड,
आईच्या परातीत पडला की तंगेडू.
मधे नेमकं कुठे नाव बदलतं
हे मी लहानपणी डोळे ताणून बघायचे.
एकदाही सापडलं नाही.

यंदा सिरसिल्ल्याहून स्रवंती आली,
मावशीची नात, तेलुगूत एम.ए.
वही चाळली आणि फिस्सकन हसली.
“चिन्नम्मा, आपल्याकडे ए दोन, ओ दोन,
ह्या लिपीत एकेकच.
हे बघ, ‘नेल’ लिहिलंयस.
आखूड म्हटलं तर महिना,
लांबवलं तर जमीन.
वाचणाऱ्यानं काय समजायचं?”

आईने हात पदराला पुसले.
तिळाच्या पुडीतून बोट फिरवलं
आणि मात्रेच्या डोक्यावरची
बारकी टिकली दाखवली,
विडीच्या दोऱ्याच्या गाठीएवढी.
“टिकली आहे, म्हणजे आखूड. महिना.
नाही, म्हणजे जमीन.
कुणी शिकवलं नाही बाई.
गाताना अडखळले, तिथं गाठ मारली.”

स्रवंती गप्प. मीही.
चाळीस वर्षं ही वही घरात,
आणि मला त्या टिकल्या
तेलाचे शिंतोडे वाटत होत्या.

आजोबांचा बाप इथं आला
तो एका महिन्याच्या बोलीवर.
मागावर बसला, पाय खड्ड्यात सोडले,
ते पाय काही वर आले नाहीत.
कुणीतरी टिकली द्यायची विसरलं असणार.

संध्याकाळी कारखान्यामागच्या मैदानात
यंत्रमाग थांबले. एरवी ज्याच्यावर ओरडून बोलायचं
तो खटका नाही, तर सगळ्या बायका
उगाच कुजबुजत बोलत होत्या.
मग मधोमध फुलांचे डोंगर,
भोवती फेर, आणि टाळी.
टाळीला तोच खटका, फक्त हातांचा.
महानंदा म्हमाणे, आमच्या शेजारच्या,
दरवर्षी चुकीच्या पायावर वाकतात
आणि दरवर्षी फेरात पुढे.

डबे उघडले. चिंचेचा भात, दहीभात,
मलिद्याचे लाडू हातातच फुटणारे.
म्हमाणे काकूंची कडक भाकरी, शेंगाचटणी.
स्रवंतीने चिंचेचा भात चाखला.
“आमच्यात एवढे शेंगदाणे नसतात.”
“सोलापुरात बसून खालालीस की गं,”
आई म्हणाली, आणि वरून अजून मूठभर घातले.

शेवटच्या फेरात एक जुनं गाणं निघालं.
सिरसिल्ल्यात ते आता कुणी म्हणत नाही म्हणे.
स्रवंतीचे ओठ हलले, थांबले.
तिने माझ्या हातातली वही ओढली,
मोबाईलचा उजेड पाडला
आणि परकी लिपी बोटाने चाचपत
फेराच्या मागे मागे गाऊ लागली,
अर्ध्या ओळीने उशिरा.
टिकली आली की आवाज आखूड.
तेवढं मात्र एकदाही चुकली नाही.

फुलं पाण्यात सोडून परतलो, रात्रीचे अकरा.
पोत्याच्या तळाशी पाच-सहा फुलं उरलेली.
बापूने विचारलं, “ह्यांचं काय करू?”
कुठल्या नावानं विचारलं,
मी ऐकायला विसरले.