मागचं दार

नारीनच्या शाळेतली व्यायामशाळा.
बाकांवर एकवीस मुलं, गुडघे फाकवून बसलेली.
बाई म्हणाल्या, आता तालायकाका बोलतील.
मी मेकॅनिक. माझं बोलणं इंजिनाशी.

तर, गाडी माझी होती.
पांढरी ऑडी. काच तेव्हाही तडकलेलीच.
कुबान म्हणाला, तू फक्त चालव, बाकीचं आम्ही बघतो.
मित्रच तो. पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत मी.

बाजाराच्या टोकाला ती बटाटे निवडत होती.
जिल्दीझ. आमच्याच गल्लीतली,
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
तिघांनी उचललं.
बटाटे घरंगळत रस्त्यावर गेले
आणि एका म्हाताऱ्यानं ते वेचून
पुन्हा ढिगात ठेवले.
तेवढंच केलं कुणीतरी काहीतरी.

मागच्या दाराला चाइल्ड लॉक असतं,
पोर पडू नये म्हणून.
ते सकाळीच लावून ठेवलं होतं.
मीच.

ती रडली का हो? तिसऱ्या बाकावरून आवाज.
माहीत नाही, बाळा.
मी रेडिओ मोठा केला होता.

मघाशी हसणारी मुलं आता बुटांकडे बघतायत.

कुबानची आजी उंबऱ्यात आडवी झाली.
म्हातारीला ओलांडून गेलेल्या पोरीचं भलं होत नाही म्हणतात.
पांढरा रुमाल बांधला तिच्या डोक्याला.
मला मटणाचा मानाचा तुकडा वाढला.
खाल्ला. चांगला शिजला होता.

आता ती दवाखान्यात फरशी पुसते.
उणे वीस असलं, आणि मी गाडी थांबवली,
तरी चढत नाही. चालत जाते.

मग आम्ही काय करायचं, एकानं विचारलं.
भाषण पाठ केलं होतं मी, ते आठवेना.
म्हटलं, तिघांना उचलता येतं रे,
पण न्यायला चौथा लागतो.

तास संपला. सगळे पांगले.
एकजण रेंगाळला, बेकझात, मिसरूडही नाही फुटलेलं.
शनिवारी दादानं बोलावलंय, म्हणाला.
मला काही करायचं नाहीये.
फक्त फोन धरायचाय. व्हिडिओसाठी.

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
त्याला घेऊन आवारात आलो,
त्याच गाडीपाशी.
मागचं दार उघडलं.
कडेचा तो खटका दाखवला,
म्हटलं, बघ, केवढासा आहे.

त्यानं हातमोजा काढला
आणि बोट लावून पाहिलं.