दोन पाण्यांची भाजी

पोटॅश मला नवीन नाही.
सत्तावीस वर्षं सावद्याच्या दुकानात
लाल पोटॅशची पोती मोजून दिली.
माणसं पान घेऊन यायची,
कड करपलेली, टोक पिवळं.
मी मान वर न करता म्हणायचो,
बाग उपाशी आहे भाऊ, पोटॅश सोड.
मग घड असे भरायचे
की दोन फण्यांमध्ये बोट शिरू नये.

आता रिपोर्टवर तेच नाव आलंय,
शेपटाला 'इयम' लावून, शहरात जाऊन आल्यासारखं.
सहा पूर्णांक दोन.
जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
नेहेते काका, हे पाचाच्या आत पाहिजे.
मी विचारलं, एकरी?
त्या हसल्या नाहीत.

चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी एक गोल काढला.
आत पोटॅशियम, बाहेर सोडियम,
दाराशी हमाल, रात्रंदिवस,
एकाला आत ओढतात, दुसऱ्याला बाहेर लोटतात.
दार क्षणभर सुटतं, आतलं बाहेर धावतं,
त्या गडबडीत काळीज एकदा आवळतं.
कमी पडलं तर पोटऱ्यांत गोळे.
जास्त साचलं तर काळीज ठेका विसरतं.
उरलेलं वाहून नेणं मूत्रपिंडाचं काम.
तुमचं कसं झालंय काका,
वॅगन भरते रोज,
पण स्टेशन सोडत नाही.

म्हणून मंगळवार, शुक्रवार सुया.
नारळपाणी बंद, टमाटे बंद,
आणि केळं.
सावद्यात राहून केळं बंद!
ट्रक दारावरून जातात, मी वास मोजतो.

द्वारका बटाटे चिरते, कोमट पाण्यात भिजवते,
मीठ न घालता उकळते, पाणी ओतते,
पुन्हा नवं पाणी, पुन्हा उकळी.
बामणोदचं वांगंसुद्धा तिनं असंच शिजवलं.
पराट्यांच्या जाळावर ज्याचा जन्म सार्थकी लागायचा
ते ताटात पडलं, धुतल्या चिंधीसारखं.
मी जेवलो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

ते पाणी कुठे जातं, मी कधी विचारलं नव्हतं.
एकदा सुया घेऊन लवकर परतलो
तर ती मोरीमागे, हातात पातेलं,
केळीच्या एकुलत्या खुंटाला घालत होती.
गटारीत कशाला, म्हणाली,
सत्त्व आहे त्याच्यात.

त्या खुंटाला यंदा कमळ आलं.
नऊ फण्या. सवयीनं दोनदा मोजल्या.
माझ्या ताटातून काढलेलं सगळं
तिथे लटकत होतं, हिरवंगार, वजनदार.

पिकल्यावर तिनं पहिलं केळं सोललं
आणि थांबली.
दोन वर्षं तिनंही खाल्लं नव्हतं,
हे मला तेव्हा कळलं.
खा, म्हटलं.
ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली,
हळूहळू, चोरून खाल्ल्यासारखं खाल्लं.

मी आपलं मनगट धरून बसलो होतो,
फण्या मोजतात तसे ठोके मोजत.
मधे एक चुकला.
की मोजताना मीच चुकलो,
कोण जाणे.