शून्यावर आणताना

कुहमोच्या पलीकडे, खडीच्या खाणीत
हेल्वीमावशीने वाळूची पिशवी थोपटली :
"निजव तिला इथे. आवळू नकोस, टेकू दे."

शंभर मीटरवर कागद.
पहिल्याच गोळीनंतर माझा हात
दुर्बिणीच्या चकतीकडे गेला.
"थांब. एक गोळी म्हणजे नुसती अफवा.
तीन झाड, मग बोलू."

तिन्ही छिद्रं उजवीकडे, जरा वर,
एका नाण्याने झाकावीत इतकी जवळ.

"हात चोख आहे तुझा," ती म्हणाली,
"नेम अजून तुझ्या बापाचा आहे."

शेवटची दोन वर्षं
चाप ओढताना त्याचा खांदा डावीकडे खचायचा.
त्याने कुणाला सांगितलं नाही.
चकतीला सांगितलं.

मी मोजत फिरवली :
डावीकडे नऊ खटके, खाली पाच.
शेवटचा उरला तेव्हा म्हटलं,
हा एवढा राहू दे?

मावशी थर्मासचं झाकण आवळत होती.
"आणि एल्क जखमी होऊन दलदलीत शिरला,
तर त्याला काय सांगशील?"

फिरवला.
पुन्हा तीन गोळ्या.
मग कागद बघायला
शंभर मीटर चालत गेलो दोघी,
घाई न करता.