मणी

बुगीदच्या दुकानात तेव्हा मी भाता ओढायचो.
जेर्बा बेटावर, मोठ्या हारात,
हिवाळ्यात समुद्राचा वारा दाराच्या फटीतून
मिठासकट आत यायचा.
गुरुवारी शाळा सोडून खामूस मास्तर
थेट मुशीपाशी येऊन बसत,
हात शेकत,
आणि विस्तवाआधी वाद पेटवत.

त्या दिवशीचा वाद एका क्रियापदाचा.
प्रज्ञा स्वतःच सांगते तिथे, की देवानं मला,
आणि मग तो शब्द: काना.
हजारो वर्षं ज्यात काना-मात्रेचा फरक झाला नाही
आणि ज्याचा अर्थ अजून जागेवर बसला नाही.

"निर्माण केलं," मास्तर म्हणाले.
"सगळ्यांच्या आधी, पण केलं.
केलेली वस्तू करणाऱ्याहून धाकटीच.
नाहीतर अनादी दोन होतील,
आणि रोज डोळे झाकून आपण ज्याला एक म्हणतो
त्याचं काय?"

बुगीद फुंकणी ओठांपासून दूर धरून म्हणाला,
"काल बाजारात मी चांदी घेतली. घेतली म्हणजे काना, बरोबर?
मी घेतली म्हणून ती जन्मली का, मास्तर?
होतीच ती. फक्त माझी झाली."
"कुणाकडून घेतली देवानं?" मास्तर कडाडले.
"दुकानदार कोण होता?"
इथे बुगीदचं घोडं पेंड खाऊ लागलं.
त्यानं पुन्हा फुंकणी तोंडाला लावली.

उंबऱ्यावर कमूना सुईण बसली होती,
कानातल्याचा तुटलेला आकडा घेऊन, केव्हाची.
"पहिल्या बाईला पहिलं मूल झालं," ती म्हणाली,
"तेव्हा ती कोणता शब्द बोलली?"
कुणी बोलेना.
तोच शब्द होता.

"मूल माझ्या हातात येतं ती घटका मला सांगता येते,
दिवा कुठल्या कोनाड्यात होता तेसुद्धा.
पण ते होतं कधीपासून, ते आईलाही सांगता येत नाही.
एक म्हणते, मळमळायला लागलं तेव्हापासून.
एक म्हणाली होती, मला लग्नाआधीच माहीत होतं."

मास्तरांनी दाढीतून बोटं फिरवली, दुसरा शब्द काढला:
जग घडताना ती देवाजवळ आमोन होती.
"कारागीर," मास्तर म्हणाले.
"की तान्हं?" बुगीद म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत,
दोन्ही वाचता येतं.
शिवाय पुढे लिहिलंय, ती खेळत होती.
कामावर कोण खेळतं? मी तर या पोराला खेळू देत नाही."

पोर म्हणजे मी.
माझा हात भात्यावर होता, जीव वादात,
म्हणून ऐरणीखाली रांगणाऱ्या मायसानं
धुळीतला मणी तोंडात टाकलेला
मी पाहिला, आणि ओरडलो उशिरा.

कमूनानं तिला उलटी धरली, पाठीत थापट्या मारल्या.
रडणं बाहेर आलं. मणी नाही.

मग अंजीर, ऑलिव्हचं तेल, पुन्हा अंजीर.
शब्बाथला प्रार्थनेहून परतताना मास्तर दारात थांबले,
"आला का?"
मशीहाबद्दल विचारावं तसं.

सोमवारी पहाटे आला.
बुगीदनं तो राखेनं घासला, तराजूत टाकला.
गुंजभरही कमी नाही.
"घडवला नाहीस, विकत घेतला नाहीस," कमूना म्हणाली,
"पण मिळाला ना? आता बोल कुठलं क्रियापद."

"तराजूनं काही सिद्ध होत नाही," मास्तर म्हणाले,
पण मणी त्यांनी दिव्यापाशी नेला
आणि बराच वेळ परत दिला नाही.

पुढे मास्तर मार्सेयला गेले, लेकाकडे.
दर पत्राच्या तळाशी एक ओळ: केलेलीच आहे.
बुगीद उत्तरात फक्त हवामान कळवायचा.

मायसा आता पन्नाशीची. मणी तिच्या गळ्यात आहे.
वाद तिला आठवत नाही, आम्ही कुणीच आठवत नाही त्या दिवशीचे.
चव आठवते, म्हणते.
खारट होती.